लोक मीटिंगला येत नाहीत, मग आरोग्याच्या कामात त्यांना घ्यायचं तरी कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका छोट्या संस्थेने काही वस्त्यांमध्ये आरोग्य समित्या बनवल्या, पहिल्या मीटिंगला गर्दी झाली, मग गळती लागली, आता तेच ते पाचसहा जण येतात आणि माना डोलावून जातात. आरोग्य केंद्रातले लोक म्हणतात की लोकांमध्ये जागृतीच नाही. तर सहभाग वाढवायला काय करावं आणि कुठल्या पद्धती खरंच चालतात, असं विचारलंय. मी या कामात बरीच वर्षं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी ते जागृतीचं बाजूला ठेवा. हे निदान मला कधीच पटलेलं नाही. मुलाला रात्री ताप चढला तर कुठला दवाखाना उघडा असतो, कोण औषधाचे पैसे नंतर घेतं, कुठली नर्स ओरडते आणि कुठली नीट बोलते हे सगळं जिला तोंडपाठ आहे त्या बाईला जागृती नाही म्हणायचं म्हणजे कमाल आहे. ती येत नाही कारण तिने हिशोब केलेला असतो. पहिल्यांदा आशेने आली, बोलली, कुणीतरी वहीत लिहून घेतलं, पुढच्या वेळी त्याचं काय झालं ते कुणी सांगितलंच नाही, वर हात कसे धुवायचे याचं तासभर लेक्चर ऐकावं लागलं, मग तिसऱ्या वेळी ती काम सोडून कशाला येईल? तुमच्या समितीची नोंदवही काढा आणि मागच्या सगळ्या मीटिंगमध्ये लोकांनी मांडलेल्या गोष्टी एका बाजूला लिहा, दुसऱ्या बाजूला त्यातलं काय बदललं ते लिहा. दुसरी बाजू कोरी असेल तर गळती का लागली याचं उत्तर तिथेच मिळालं.

सहभाग हा काही नवीन विषय नाही. १९७८ साली आल्मा-आटा इथे झालेल्या प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जो जाहीरनामा निघाला त्यात लिहिलंय की आपल्या आरोग्यसेवेच्या नियोजनात आणि अंमलबजावणीत भाग घेणं हा लोकांचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. आपण काय करतो, नियोजन ऑफिसात उरकतो आणि अंमलबजावणीला लोकांना हाका मारतो. शेरी आर्नस्टाईन या अमेरिकन बाईंनी त्याच्याही आधी, १९६९ मध्ये, नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, तळाला लोकांना नुसतं गुंडाळणं, मध्ये माहिती देणं आणि मत विचारणं, वरच्या पायऱ्यांवर भागीदारी आणि निर्णयाचा अधिकार. मधल्या पायऱ्यांना त्यांनी सरळ तोंडदेखलेपणा म्हटलं होतं. बहुतेक आरोग्य समित्या तिथेच बसलेल्या असतात, आणि लोकांना ते पहिल्या तासात कळतं, आपल्याला कळायला प्रोजेक्ट संपावा लागतो.

मग सुरुवात कुठून करायची? लोक ज्याला त्रास म्हणतात तिथून. ऐकायला सोपं आहे पण पचायला फार जड, कारण लोक जे सांगतात ते बहुतेक वेळा तुमच्या प्रोजेक्टमध्ये बसत नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं तेव्हा लोकांनी पाणी आणि अन्नाचं आधी काढलं, दवाखाना नंतर. त्यांनी ते ऐकलं, तरुण पुरुषांना एकत्र आणायला चक्क व्हॉलीबॉलचा खेळ घेतला, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली आणि पुढे गावातल्याच बायका, त्यातल्या कित्येक निरक्षर आणि दलित, शिकून गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने आदिवासींना विचारलं की तुमचा दवाखाना कसा हवा, तर तो मोठ्या बिल्डिंगसारखा नको, आपल्या घरांसारखा हवा, नातेवाईकांना पेशंटजवळ राहता यायला हवं, आणि आपली देवीही तिथे हवी. म्हणून तो दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं. त्याच जिल्ह्यात लोकांनी, विशेषतः बायकांनी, दारूचा प्रश्न लावून धरला आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आली. आता सांगा, आरोग्याच्या कुठल्या प्रपोजलमध्ये दारूबंदीचा रकाना होता?

पोलिओचंही तेच. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये काही भागांत घरं परत परत डोस नाकारत होती, अफवा होत्याच, पण एक साधा राग पण होता की नाल्या तुंबल्यात, मुलं जुलाबाने मरतात, त्यासाठी कुणी फिरकत नाही आणि हे दोन थेंब घेऊन मात्र दर महिन्याला दार वाजवतात. २००९ मध्ये सर्वात जास्त धोक्याच्या १०७ ब्लॉकसाठी वेगळा प्लॅन केला, त्यात लसीबरोबर स्वच्छता, पाणी आणि जुलाबावरचे उपाय घेतले, वस्तीतल्याच बायका आणि वस्तीतलेच धर्मगुरू सोबत घेतले. भारतातली नैसर्गिक पोलिओ विषाणूची शेवटची केस जानेवारी २०११ मधली. एवढं एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, लसही सुधारली होती, मोहिमाही तुफान झाल्या. पण जी शेवटची घरं उघडत नव्हती ती उघडायला यांची मदत झाली.

तर तुमच्याकडे लोक पाण्याचं, रस्त्याचं, केंद्राच्या वेळेचं किंवा कुणाच्या उद्धट बोलण्याचं काढतील आणि तुमचा फंड असेल समजा रक्तक्षयाचा. लगेच "हो ते बरोबर आहे पण आपण आज रक्तक्षयाबद्दल बोलू" असं करू नका, तिथेच मीटिंग मरते. त्यातली एक गोष्ट हातात घ्या, लहान का असेना, पण जी तुम्ही खरंच हलवू शकता अशी. आणि जी जमणार नाही ती जमणार नाही म्हणून तोंडावर सांगा. लोक नकार पचवतात हो, उत्तरच न मिळणं पचत नाही.

दुसरा मुद्दा म्हणजे खोलीत कोण आहे. समाज, लोक, वस्ती असे शब्द आपण वापरतो तेव्हा वाटतं की सगळे एका मताचे आहेत. तसं कुठेच नसतं. समितीत जे येतात ते बहुतेक वेळा ज्यांना वेळ आहे, बोलता येतं आणि कुणी गप्प बसवत नाही असे. ज्यांना सेवेची सगळ्यात जास्त गरज आहे, म्हणजे नवीन सून, स्थलांतर करून आलेलं कुटुंब, वस्तीच्या टोकाला राहणारे, अपंग माणूस, रात्रपाळी करणारा, त्यातलं कुणीही तुमच्या दुपारच्या मीटिंगला नसतं. मी काय करते, तर हजेरीपेक्षा गैरहजेरीची यादी करायला लावते. वस्तीचा साधा नकाशा जमिनीवर काढायचा, लोकांनीच काढायचा, आणि कुठल्या घरातून आजपर्यंत कुणीच आलं नाही त्यावर खडे ठेवायचे. दरवेळी खडे एकाच कोपऱ्यात जमतात, आणि ते बघून खोलीत जी शांतता होते ती कुठल्याही भाषणाने होत नाही. मग त्या कोपऱ्यात मीटिंग न्यायची, त्यांच्या वेळेला, आणि बायकांची आधी वेगळी. सगळ्यांना एकत्र बसवण्याची घाई करू नका, जी घरात सासूसमोर बोलत नाही ती मीटिंगमध्ये सासूसमोर का बोलेल.

आता पद्धतींचं, कारण विचारलंय की खरंच काय चालतं. यात सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो महिला गटांचा, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे कारण त्यात यशही आहे आणि अपयशही. नेपाळमधल्या मकवानपूर जिल्ह्यात २००१ ते २००३ मध्ये एक मोठा प्रयोग झाला. स्थानिक बाई, नर्स नाही डॉक्टर नाही, दर महिन्याला गटाची मीटिंग घ्यायची. त्यात उपदेश नाही. आधी बायका आपल्याकडे बाळंतपणात आणि बाळांना काय काय होतं ते सांगणार, त्यातलं महत्त्वाचं निवडणार, मग उपाय ठरवणार, ते स्वतः करून बघणार, आणि शेवटी काय जमलं ते तपासणार. कुणी आपत्कालीन फंड काढला, कुणी स्ट्रेचरची सोय केली, कुणी स्वच्छ बाळंतपणाचे किट बनवून वाटले. गट नसलेल्या भागांत नवजात बालमृत्यू, म्हणजे पहिल्या महिन्यातच दगावणारी बाळं, दर हजार जन्मांमागे ३६.९ होता आणि गट असलेल्या भागांत २६.२, म्हणजे साधारण ३० टक्के कमी.

मग एकजुट या संस्थेने झारखंड आणि ओडिशाच्या आदिवासी भागात तेच केलं, चित्रांचे पत्ते, गोष्टी, खेळ, वीस मीटिंगचं एक चक्र, आणि दुसऱ्या तिसऱ्या वर्षात नवजात मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी झाले. मला त्यातला सगळ्यात आवडता आकडा वेगळाच आहे. नंतर विश्लेषण केलं तेव्हा दिसलं की सगळ्यात वंचित घरांमध्ये घट ५९ टक्के होती आणि त्यातल्या त्यात बऱ्या घरांमध्ये ३६ टक्के. आरोग्याच्या योजनांचा फायदा बहुतेक वेळा उलटा जातो, आधी वरच्यांना मिळतो. इथे तो खालून लागला. दवाखान्यात जाणं फार वाढलं नव्हतं तिथे, बदललं ते घरातलं, म्हणजे बाळंतपणाआधी हात धुणं, नाळ स्वच्छ कापणं वगैरे.

आणि आता अपयश. बांगलादेशात हीच पद्धत वापरली, २०१० मध्ये निकाल आले, काहीच फरक नाही. पद्धत तीच, बायका तशाच, मग घोडं अडलं कुठे? एकजुटच्या भागात साधारण ४६८ लोकसंख्येमागे एक गट होता, नेपाळमध्ये ७५६ मागे एक, आणि बांगलादेशात १,४१४ मागे एक. इतक्या विरळ गटांत गरोदर बायका फार थोड्या पोचल्या. मग त्यांनी तिथेच गट वाढवले, ३०९ लोकांमागे एक केला, आणि २०१३ मध्ये जे निकाल छापून आले त्यात मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी. त्याच वर्षी सात प्रयोगांचं एकत्र विश्लेषण झालं त्यातही हेच निघालं, जिथे निदान ३० टक्के गरोदर बायका गटात येत होत्या तिथे मातामृत्यू जवळपास निम्म्याने आणि नवजात मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या गटांची शिफारस केली.

यातून तुमच्यासाठी काय? पहिलं म्हणजे आकडा मोजा. तुमचे गट किती, लोक किती, आणि ज्यांच्यासाठी काम आहे त्यातले किती टक्के येतात. वीस वस्त्यांमध्ये एकेक समिती टाकून नकाशावर ठिपके छान दिसतात, फंड देणारेही खूश होतात, पण त्यापेक्षा चार वस्त्यांमध्ये दाट काम करा असं मी बिनदिक्कत सांगेन. दुसरं, एका मीटिंगने काही होत नाही, चक्र पूर्ण व्हावं लागतं, त्याला दीडदोन वर्षं लागतात, आणि पहिल्या काही महिन्यांत दाखवण्यासारखं काहीही नसतं. एका वर्षाचा प्रोजेक्ट असेल तर सहभागाचं नाव घेऊ नका, लोकांचा वेळ फुकट जाईल. तिसरं, गट चालवणारी व्यक्ती. तिला आरोग्याचं ज्ञान कमी असलं तर शिकवता येतं, पण गप्प बसता येत नसेल तर ते शिकवणं अवघड आहे. शिकलेल्या माणसाला चुकीचं ऐकलं की लगेच दुरुस्त करायचा मोह होतो. बाई म्हणाली बाळाला तीन दिवस दूध देत नाही आमच्यात, तर लगेच "असं करायचं नसतं" नाही म्हणायचं, आधी विचारायचं की बाकीच्या काय करतात, गटात एक तरी निघते जिने दिलं होतं आणि बाळ ठणठणीत आहे, तिचं ऐकतात सगळ्या.

आणि हो, आपल्या माणसांचा स्वतःचा विश्वास आहे का तेही बघा. बांगलादेशातच ब्रॅक या मोठ्या स्वयंसेवी संस्थेने १९८० च्या दशकात घरोघर जाऊन आयांना जुलाबासाठी मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं, एक कोटीपेक्षा जास्त घरं. सुरुवातीला आयांना ते बनवता येत होतं पण वापरत मात्र फार कमी होत्या. शोधलं तर कळलं की शिकवणाऱ्या कार्यकर्त्याच स्वतःला जुलाब झाले की गोळ्या घेत होत्या! शिवाय घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

आता सेवेच्या बाजूकडे येते कारण तुमच्या प्रश्नात केंद्राचाही उल्लेख आहे. लोकांनी केंद्राच्या कामाचं मूल्यमापन करायचं, रिपोर्ट कार्ड बनवायचं, मग केंद्राच्या लोकांबरोबर समोरासमोर बसून सुधारणा ठरवायच्या, ही पद्धत बरीच प्रसिद्ध आहे. भारतात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली २००७ पासून नऊ राज्यांत हे सुरू झालं, महाराष्ट्रातही, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगाची कार्डं आणि मग जनसुनवाई. युगांडात अशा प्रयोगाचे निकाल २००९ मध्ये आले, वर्षभरात पाच वर्षांखालचे बालमृत्यू ३३ टक्क्यांनी कमी, सगळं जग खूश. मग त्याच देशात कितीतरी मोठ्या प्रमाणावर, ३७६ केंद्रांवर, पुन्हा केलं तर मृत्यूंवर काही परिणाम दिसला नाही, सेवेचा दर्जा थोडाफार सुधारला इतकंच. इंडोनेशिया आणि टांझानियात असंच काहीसं केलं, तिथेही मोठा परिणाम नाही.

काही जण यावरून म्हणतात की लोकांनी देखरेख करून काही होत नाही. माझं मत वेगळं आहे. केंद्रातली नर्स औषध का देत नाही, कारण तिच्याकडे औषध नाही. ते वरून येतं, वरच्याला कुणी विचारत नाही. अशा वेळी लोकांना कार्ड देऊन नर्ससमोर उभं केलं तर काय होणार, दोन्ही बाजू एकमेकांवर चिडणार आणि जो खरा जबाबदार आहे तो त्या खोलीत नाहीच. म्हणून कार्डात मांडलेली प्रत्येक गोष्ट कुणाच्या हातातली आहे ते आधी वेगळं करा. नीट बोलणं, वेळेवर उघडणं, दरांचा बोर्ड लावणं हे केंद्राच्या हातातलं. औषधं, रिकामी पदं, गाडी हे वरच्यांच्या हातातलं, आणि त्यासाठी लोकांनी आणि केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी मिळून वर जायचं. हे एकदा झालं ना, की तीच नर्स समितीची सगळ्यात मोठी मैत्रीण होते, कारण आजपर्यंत तिचं रडगाणं कुणी ऐकलेलं नसतं.

समोरासमोरच्या मीटिंगआधी दोन्ही बाजूंची वेगळी तयारी घ्या. कर्मचाऱ्यांना आधी सांगा काय येणार आहे, अचानक चारचौघांत अपमान झाला तर ते बंद होतात आणि नंतर त्याचा राग तक्रार करणाऱ्या बाईवर निघतो, तिच्या पुढच्या बाळंतपणात. हे फार गंभीरपणे घ्या. तक्रार कुणाची ते नाव कधीच पुढे येऊ देऊ नका, "आमच्याकडच्या बऱ्याच बायकांचं म्हणणं आहे" असंच मांडायचं. आणि मीटिंग संपताना कोण, काय, कधीपर्यंत हे मोठ्या कागदावर लिहून केंद्राच्या भिंतीवर लावा. सही-शिक्क्याचा अहवाल फायलीत जातो, भिंतीवरचा कागद रोज दिसतो.

समित्यांबद्दल थोडंच सांगते. समितीच्या हातात काहीतरी खरं असायला हवं, थोडा पैसा, किंवा ठराव नाकारायचा अधिकार. ब्राझीलने १९९० च्या कायद्यात आरोग्य परिषदा केल्या आणि त्यात निम्म्या जागा सेवा वापरणाऱ्यांना दिल्या. तिथेही सगळं आलबेल नाही, पण संख्या कायद्यात असल्याने निदान कुणी विसरू शकत नाही. तुमच्याकडे कायदा नसेल तर स्वतःचा नियम करा. हिशोब मात्र उघड्यावर वाचला गेला पाहिजे, पैशाचा संशय आला की समिती गेलीच म्हणून समजा.

मानधनाचा प्रश्न कुणी विचारत नाही पण प्रत्येकाच्या डोक्यात असतो. माझं मत स्पष्ट आहे, दर महिन्याला तासदीड तास मीटिंगला येणं हे फुकट चालेल, पण आठवड्यातले अनेक तास घरोघर फिरणं, नोंदी ठेवणं, पेशंटला घेऊन जाणं हे काम आहे आणि कामाचे पैसे द्यायचे. सेवाभाव म्हणून गरीब बाईकडून फुकट काम करून घ्यायचं आणि तिच्यावर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरला पगार द्यायचा हे मला कधी समजलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही आरोग्य कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात मोबदला द्या आणि तो फक्त किंवा मुख्यतः कामगिरीच्या इन्सेंटिव्हवर ठेवू नका असं म्हटलंय. इतक्या केस आणल्या तर एवढे पैसे असं केलं की ज्याचे पैसे मिळतात तेवढंच काम होतं, बाकीचं राहतं.

याच्या जोडीला एक धोका सांगून ठेवते. लोकसहभागाच्या नावाखाली व्यवस्था आपलं काम लोकांवर ढकलते. डॉक्टर नेमायचा नाही, औषध पाठवायचं नाही, आणि म्हणायचं तुम्हीच तुमचं आरोग्य सांभाळा. गडचिरोलीत गावातल्या बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार केले, ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पण त्या बायकांच्या मागे ट्रेनिंग होतं, औषधं होती, नियमित येणारा सुपरवायझर होता. तो भाग कापून फक्त गावची बाई ठेवली तर काहीच उरत नाही. त्यामुळे कुणी तुम्हाला सांगितलं की समितीनेच आता सगळं बघावं, तर पहिला प्रश्न विचारा की मग तुम्ही काय बघणार.

साथीच्या वेळी तर हे सगळं उघडं पडतं. पश्चिम आफ्रिकेत २०१४ मध्ये इबोला पसरला तेव्हा अंत्यविधीतून संसर्ग होत होता म्हणून सुरुवातीला प्रेतं थेट उचलून नेली, कुटुंबाला बघूही दिलं नाही. झालं काय, लोक आजारी माणसं आणि मृत्यू लपवायला लागले. मग नातेवाईकांशी आणि धर्मगुरूंशी बोलून अंत्यविधीची पद्धत बदलली, लांबून का होईना कुटुंब हजर राहील, प्रार्थना होईल, कबरीवर नाव लागेल, आणि तशा रीतसर सूचनाच निघाल्या. शास्त्रात तडजोड काहीच नव्हती, प्रेताला हात लावायचा नाही हा नियम तसाच राहिला. एवढं आधी विचारलं असतं तर बरंच वाचलं असतं.

मोजायचं काय, हेही लोक विचारतात. किती मीटिंग, किती हजेरी हे रिपोर्टसाठी ठेवा. मी स्वतः बघते ते असं, की लोकांनी मांडलेल्या गोष्टींपैकी कितींना उत्तर गेलं, नकार धरून, आणि किती दिवसांत गेलं. कुणी आधी न बोललेलं बोललं का. मीटिंगचा विषय आमच्याशिवाय कुणी ठरवला का. आणि आम्ही एखाद्या महिन्यात गेलोच नाही तर मीटिंग झाली का? हा शेवटचा प्रश्न जरा झोंबतो, पण विचारत राहा.

तुमच्या आत्ताच्या परिस्थितीत मी काय केलं असतं, तर पुढची मीटिंग बोलावलीच नसती. त्या पाचसहा जणांना घेऊन नोंदवहीतल्या जुन्या तक्रारी चाळल्या असत्या, त्यातली केंद्राच्या हातातली एक निवडली असती, उदाहरणार्थ गरोदर बायकांना तपासणीला तासन्तास उभं राहावं लागतं, बसायला जागा नाही, अशी काहीतरी. केंद्राच्या प्रमुखांना एकट्याने भेटून ती सोडवून घेतली असती. मग जिने ती तक्रार केली होती तिच्या आणि आजूबाजूच्या घरी जाऊन सांगितलं असतं की तुम्ही बोलला होतात, हे झालं, आता पुढचं काय घ्यायचं. त्यानंतर मीटिंग, तीही त्यांच्या दारात. केंद्राचे प्रमुख अजिबातच भेटत नसतील तर लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि ती पोच मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवा, म्हणजे अडलं कुठे ते त्यांनाही कळेल आणि पुढच्या वेळी पत्र घेऊन जाताना तुमच्याबरोबर दोघीतिघी तरी येतील.